कच्च्या सळईची हमी

प्रोसेसरच्या खोक्यावर छापलेला आकडा म्हणजे त्या प्रोसेसरचा स्वभाव नव्हे. ती कंपनीने दिलेली हमी असते. हा फरक जालन्याच्या माणसाला समजावून सांगायला वेळ लागत नाही, कारण आमच्या गावातली कितीतरी घरं सळईवर चालतात. एमआयडीसीत भट्ट्या पेटलेल्या असतात, भंगार वितळतं, रोलिंग मिलमधून टीएमटी सळई बाहेर पडते आणि तिच्यावर ‘एफई ५००’ असा ठसा असतो. म्हणजे ती सळई बरोबर पाचशेलाच हार मानते असं नाही. दर चौरस मिलिमीटरला पाचशे न्यूटन ताण येईपर्यंत ती कायमची ताणली जाणार नाही, एवढंच त्या ठशाचं म्हणणं. प्रयोगशाळेत ओढून पाहिल्या तर पुष्कळ सळया त्याच्या वरच टिकतात. तरीही इमारतीचं गणित मांडणारा इंजिनिअर पूर्ण पाचशे धरत नाही. आयएस ४५६ प्रमाणे तो १.१५ ने भागतो आणि ४३५ च्या आसपास थांबतो. आपल्या स्लॅबच्या वाट्याला ढिगातली कोणती सळई येणार हे त्याला ठाऊक नसतं. हमी कधी सगळ्यात दणकट सळईची देता येत नाही, ती सगळ्यात कच्च्या सळईची द्यावी लागते.

सिलिकॉनचं तेच आहे. एका वेफरवर शेकडो चिप एकदम घडतात आणि त्यातल्या कुठल्याही दोन तंतोतंत सारख्या नसतात. एखादी कमी व्होल्टेजवर पळते, एखादी जास्त व्होल्टेज मागते. कंपनी त्यांची वर्गवारी करते आणि त्या वर्गातल्या सगळ्यात दुबळ्या चिपलाही झेपेल असा आकडा खोक्यावर छापते. तुमच्या हाती आलेली चिप त्याहून सरस असेल तर मधली ताकद पडून राहते. मदरबोर्डच्या बायोसमध्ये शिरून ती वसूल करायची, याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. गुणक वाढवायचा, व्होल्टेज वाढवायचं, रॅमचं टायमिंग आवळायचं, आणि मशीन कुठपर्यंत साथ देतं ते पाहायचं.

मी जालन्यात एमएस-सीआयटी शिकवण्यापासून सुरुवात केली, म्हणून गिऱ्हाईक मला अजून ‘सर’च म्हणतं. आता दुकान जोडणी-दुरुस्तीचं आहे. मोंढ्यात आडत असलेले एक वयस्क शेठजी मागे नातवाला घेऊन आले होते. नातू इंजिनिअरिंगला. त्याला रायझन ७ ५८००एक्स, बी५५० बोर्ड आणि बत्तीसशेची रॅम असं मशीन हवं होतं, आणि ते ‘फुल ओव्हरक्लॉक करून’ हवं होतं. मी बायोसचा पडदा उघडून त्याला कुठे काय असतं ते दाखवत होतो. शेठजी स्थानकवासी जैन, चातुर्मासात गुरु गणेश तपोधामात व्याख्यान न चुकवणारे. बराच वेळ ते गप्प बसून पाहत होते. मग म्हणाले, ‘सर, बनवणाऱ्याने जी हद्द आखून दिली, ती ओलांडायचा आपल्याला अधिकार आहे का?’

नातू म्हणाला, ‘दादाजी, हे कॉम्प्युटर आहे, प्रवचन नाही.’

पोराचं चुकलं असं मला वाटतं. दुकानात लोक हजार प्रश्न विचारतात, पण ते किती रुपये आणि किती दिवसांत याच्या पुढे जात नाहीत. हा प्रश्न धर्माचा होता आणि योग्य ठिकाणी विचारला गेला होता. माणसाने आपल्या वाट्याला आलेल्या मर्यादेशी कसं वागावं, याबद्दल शास्त्रं नेहमी माणसाच्या आयुष्याकडे बोट दाखवून बोलतात. आयुष्यावर प्रयोग करून पाहायची सोय नसते. प्रोसेसरवर ती असते, आणि पंधरा मिनिटांत उत्तर येतं.

आधी पाहायचं की हद्द आखणारा कोण. १९९८ साली इंटेलने सेलेरॉन ३००ए नावाचा स्वस्त प्रोसेसर काढला. वेग ३०० मेगाहर्ट्झ: बस, म्हणजे बोर्डाचा मूळ ठोका, ६६ची, आणि त्याला गुणक साडेचार. गुणक कंपनीने कुलूप लावून ठेवलेला. पण बस मदरबोर्डच्या हातात होती, आणि एबिटच्या बीएच६ सारख्या बोर्डावर ती बायोसच्या पडद्यावरून बदलता येत होती. ६६ च्या जागी १०० लिहिलं की साडेचार पट म्हणजे ४५०. त्या काळातला पेंटियम टू ४५० कितीतरी पट किमतीला मिळायचा, आणि ३००ए तले पुष्कळसे नग व्होल्टेजला फारसा हात न लावता तिथवर पोचायचे. माझ्या पिढीच्या जोडणीवाल्यांचं हे पहिलं पुराण आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जाऊन सुटे भाग आणणारा प्रत्येक जण ते सांगायचा. तर ३०० ही हद्द कुणी आखली होती? निसर्गाने नाही. ते सिलिकॉन ४५० ला धावत होतं. हद्द बाजाराने आखली होती, कारण कंपनीला खालच्या किमतीत एक माल हवा होता आणि वरच्या किमतीचा मालही विकायचा होता. आजही इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावापुढे ‘के’ नाही, त्याचा गुणक वाढवता येत नाही. ‘के’ घेतला तरी झेड मालिकेतला बोर्ड लागतो. एएमडी गुणक सहसा मोकळा ठेवते, पण सर्वांत स्वस्त ए३२० बोर्डावर तो हलू देत नाही. ही कुंपणं किमतीची आहेत. ती ओलांडण्यात मला अधर्म दिसत नाही, आणि तसं मी शेठजींना सांगितलं.

मात्र कुलूप म्हटलं की लबाडीच, असंही नाही. नव्वदच्या दशकात काही व्यापारी कमी वेगाच्या चिपवरचा छाप खोडून त्यावर जास्त वेगाचा आकडा छापायचे आणि चढ्या भावाने विकायचे. घेणाऱ्याला पत्ता नसायचा. गुणकाला कुलूप लागलं त्याचं एक कारण हेही आहे. शेठजी यावर लगेच म्हणाले, ‘म्हणजे वजनात खोट करणारा.’ आडतवाल्याला हे सांगावं लागत नाही. एकच काम, चिपला तिच्या छापापेक्षा जास्त वेगाने पळवणं. मी माझ्या टेबलावर केलं तर छंद, न सांगता दुसऱ्याला विकलं तर चोरी. म्हणून हद्द ओलांडली की नाही यावरून मी काही ठरवत नाही. ओलांडल्याची किंमत कोण मोजतंय, ते पाहतो.

बाजाराच्या कुंपणामागे दुसरी एक हद्द असते, आणि तिच्याशी घासाघीस चालत नाही. प्रोसेसर खातो ती वीज वेगाच्या पटीत वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. समजा वेग दहा टक्के वाढवायचा आहे आणि त्यासाठी व्होल्टेज १.२० वरून १.३५ करावं लागलं. गणित मांडलं तर वीज एकोणचाळीस टक्क्यांनी वाढते. दहा टक्के वेगासाठी एकोणचाळीस टक्के जास्त उष्णता. नातवाला मी हे कागदावर करून दाखवलं. शेठजींनी कागद स्वतःकडे ओढून पुन्हा गुणाकार केला, मग मान हलवली.

ही उष्णता शेवटी खोलीतच सोडावी लागते, आणि खोली जालन्यात आहे. ओव्हरक्लॉकिंगचे सगळे सल्ले थंड खोलीत बसून दिलेले असतात. हवेचा वा पाण्याचा कूलर कितीही भारी घ्या, तो चिपला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही; खोलीच्या तापमानापेक्षा ती किती वर चढेल एवढंच त्याच्या हातात असतं. भरपूर काम लावल्यावर एखादा कूलर चिपला खोलीपेक्षा पन्नास अंश वर रोखत असेल, तर २४ अंशाच्या एसी खोलीत चिप ७४ वर राहील. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४२ च्या घरात जातो, पत्र्याखाली त्याहून वर. तिथे तीच चिप ९२ वर जायला बघते. ५८००एक्स साठी एएमडीने ९० ची मर्यादा घातली आहे. तिथे पोचला की तो आपण होऊन वेग कमी करतो. एवढं करून मिळवलेला वेग दुपारी दोन वाजता गेलेला असतो. (गिऱ्हाइकाला ‘कूलर चांगला लागेल’ म्हटलं की आमच्याकडे ते खिडकीत लावायच्या वाळ्याच्या कूलरबद्दल बोलू लागतं, हा वेगळा विनोद. आणि ज्या गावात नळाला पाणी कित्येक दिवसांआड येतं तिथे पोरं मला वॉटर कूलिंगचा भाव विचारतात.)

९० चा आकडा एएमडीचा असेल, पण त्यामागची उष्णतेची हद्द खरी मानायची. ती इंटेलने घातलेली नाही, एएमडीनेही नाही. तिच्यापुढे हुशारी, पैसा, ब्रँड काही चालत नाही. जुन्या लोकांनी जिला सृष्टीचा नियम म्हटलं ती ही. माझी तक्रार अशी की आपण या दोन हद्दी सदैव एकमेकींत मिसळतो. कुणीतरी आपल्या सोयीसाठी आखलेली रेघ आपण ईश्वराची म्हणून पुजतो: अमक्या घरात जन्मलेल्याने अमकंच काम करायचं, बाईने उंबऱ्याच्या आतच राहायचं. आणि जी रेघ खरोखर सृष्टीची आहे, ती मात्र पैशाने पुसता येईल असं समजतो: जमिनीखालचं पाणी, माणसाची झोप, म्हातारपण. जालन्याने २०१२-१३ चा दुष्काळ पाहिला आहे. त्या वर्षी मोसंबीच्या बागा वाळल्या. त्याआधी बोअर मारत जाताना ‘इथे हद्द आहे’ असं कुणाला वाटलं नव्हतं.

मर्यादेचा विषय निघाला की आमच्याकडे कुणीतरी समर्थांचं नाव घेतंच. रामदासस्वामींचं जन्मगाव जांब, आमच्याच जिल्ह्यात घनसावंगी तालुक्यात. १६०८ सालची रामनवमी ही त्यांची जन्मतिथी. लग्नाच्या मांडवात भटजींनी ‘सावधान’ म्हटलं आणि ते बोहल्यावरून पळाले, ही कथा इथल्या प्रत्येक पोराला पाठ असते. समर्थांनी प्रयत्नाला फार मोठं स्थान दिलं, दैवावर हवाला ठेवून बसणाऱ्याला फटकारलं. नातवासारखी पोरं त्यातलं तेवढंच उचलतात: प्रयत्न करा, रेटा, वाढवा. पण त्याच समर्थांनी पारख, विवेक, अखंड सावधपण यांवर किती पानं खर्च केली आहेत! बोहल्यावरून पळालेला तो मुलगा पुढे नाशिकजवळ टाकळीला बारा वर्षं तप करत राहिला अशी परंपरा सांगते. एक हद्द मोडली ती दुसरी, जास्त कडक हद्द स्वतःवर घालून घेण्यासाठी. हा भाग सोयीने विसरला जातो.

ओव्हरक्लॉकिंग नीट करणारा माणूस याच वाटेने जातो. तो एकदम ४.८ गिगाहर्ट्झ लिहून एंटर दाबत नाही. थोडं वाढवतो, तपासतो, तापमान लिहून ठेवतो, पुन्हा थोडं वाढवतो. मशीन अडखळलं की मागे येतो आणि त्याच्याही एक पायरी खाली थांबतो. एकाच मॉडेलच्या दोन चिपांची जागा वेगवेगळी निघते, म्हणून दुसऱ्याचे आकडे उचलून चालत नाही. माझा एक जुना विद्यार्थी विहारात जाणारा आहे. त्याने बुद्धांनी सोण या भिक्खूला सांगितलेली वीणेची गोष्ट काढली, तार फार ताणू नये, फार ढिली सोडू नये. मी त्याला म्हटलं, खरं आहे, पण लोक त्यातून ‘सरासरी गाठा’ असं समजतात. वीणेची प्रत्येक तार वेगळ्या जाडीची असते. तिचा योग्य ताण तिलाच लावून, कान देऊन ठरवावा लागतो. मध्यम मार्गाचा आकडा कुठल्याही खोक्यावर छापलेला मिळत नाही.

शेठजींनी दुसऱ्या फेरीत विचारलं, ‘समजा जास्त ओढलं आणि बिघडलं, तर परत पहिल्यासारखं करता येतं का?’ येतं, असं दुकानातलं उत्तर आहे. बोर्डावर सीएमओएस क्लिअरचा जंपर असतो, किंवा नाण्याएवढा सीआर२०३२ सेल थोडा वेळ काढून ठेवला तरी बायोसमधली सगळी उठाठेव पुसली जाते आणि मशीन कारखान्यातून आल्यासारखं उठतं. माझ्याकडे कामाला असलेला पोरगा म्हणाला, ‘शेठजी, प्रायश्चित्त घेतल्यासारखं.’ मला ते पटलं नाही. पुसली जाते ती सेटिंग. चिपच्या आतल्या तारांवर जे घडून गेलं ते पुसलं जात नाही. फार बारीक तारेतून फार जास्त प्रवाह तापलेल्या अवस्थेत वाहू लागला की इलेक्ट्रॉनच्या लोंढ्याने धातूचे अणू खरोखरच जागचे हलतात. एकीकडे पोकळी पडत जाते, दुसरीकडे उंचवटा वाढत जातो, आणि एक दिवस तार तुटते किंवा शेजारच्या तारेला टेकते. जेम्स ब्लॅक यांनी १९६९ साली याचं समीकरण मांडलं: प्रवाहाची दाटी आणि तापमान वाढेल तसं आयुष्य झपाट्याने घटतं.

हे ऐकून शेठजी सावरून बसले. म्हणाले, ‘आमच्यात कर्म म्हणजे नुसती वहीतली नोंद नाही. कर्माचे पुद्गल असतात, बारीक कण. ते जीवाला येऊन चिकटतात.’ जैन दर्शनातली ही गोष्ट मला पूर्वी नुसती चमत्कारिक वाटायची. कर्म ही वस्तू कशी असेल? त्या दुपारी ती मला पहिल्यांदा आतून समजली. आपण केलेलं काही विसरता येतं, खोडता येतं, नाकारताही येतं. पण ज्याच्यावर केलं त्याच्या बांधणीत ते उतरलेलं असतं. जैन मतात तपाने त्या कणांची निर्जरा होते, ते गळून पडतात. सिलिकॉनला ती सोय नाही. माणसाला आहे की नाही याबद्दल मी हमी देऊ शकत नाही.

सगळ्यात वाईट नुकसान मात्र चिप जळण्याचं नसतं. जळली तर निदान कळतं. हद्दीच्या किंचित पलीकडे चालणारं मशीन बंद पडत नाही, हँग होत नाही. ते चालू राहतं आणि मधूनच एखादं उत्तर चुकीचं देतं. जगभरच्या घरगुती संगणकांवर प्रचंड मोठ्या अविभाज्य संख्या शोधण्याचा एक उपक्रम जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ साली सुरू केला. त्यांचा प्राइम९५ हा प्रोग्राम आज ओव्हरक्लॉक करणाऱ्यांची कसोटी आहे. कारण त्यात प्रत्येक पायरीला गणित स्वतःला तपासतं. मशीन वरवर ठणठणीत दिसत असताना तो थांबतो आणि सांगतो की फरक ०.४ च्या आत असायला हवा होता, ०.५ आला. पडद्यावर बाकी काही झालेलं नसतं. वॉलपेपर तसाच, गाणं चालू. फक्त एक आकडा खोटा झालेला असतो. त्या उपक्रमात एका संगणकाने काढलेलं उत्तर दुसऱ्या संगणकाकडून पडताळून घेण्याची रीत आहे, कारण घरगुती यंत्र चुकतं हे त्यांनी गृहीतच धरलेलं आहे.

आता हेच मशीन मोंढ्यातल्या गाळ्यात असतं तर? त्यावर टॅली, त्यात शेतकऱ्याच्या सोयाबीनचं वजन, हमाली, तोलाई, उचल. रॅममधला एक बिट उलटला की एक आकडा बदलला. शेतकरी मशीनकडे पाहत नाही, पट्टीकडे पाहतो. आणि पट्टी छापून आली म्हणजे खरी, असं त्याला वाटतं. मी शेठजींना सरळ विचारलं, ‘गाळ्यातलं मशीन जोरात पळवू का?’ त्यांनी दोन्ही हातांनी नको म्हटलं. नातवाच्या मशीनबद्दल मात्र त्यांचा विरोध मावळला होता. तिथे चूक झाली तर खेळातला एक गडी मरेल, आणि तो पुन्हा उठेल.

म्हणून मर्यादा ओलांडण्याचा हक्क मला मान्य आहे, पण तो स्वतःच्या वस्तूपुरता, स्वतःच्या नुकसानीपुरता आणि तपासून पाहण्याच्या तयारीसह. ज्याच्या खरेपणावर दुसरा विसंबून आहे, तिथे कच्च्या सळईचीच हमी पाळायची. डॉक्टरने स्वतः उपास धरावेत, रोग्यावर लादू नयेत. कीर्तनकाराने स्वतःचं घर सोडावं, बायको-पोरांना रस्त्यावर सोडून तो त्याग म्हणू नये. आपल्या परंपरेत दुसऱ्याच्या खर्चाने झालेल्या त्यागाचं कौतुक जरा जास्तच झालं आहे, हे माझं मत मी लपवत नाही.

बायोसला हातच लावला नाही म्हणजे आपण निर्दोष, असं मानणारेही भेटतात. ‘सगळं ऑटोवर ठेवलंय, सर.’ जणू देवाच्या हवाली केलं. पण त्या ‘ऑटो’मागे देव नसतो, बोर्डाच्या कंपनीतला इंजिनिअर असतो, आणि आपला बोर्ड तुलनेत दोन टक्के पुढे दिसावा ही त्याची चिंता असते. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या वरच्या प्रोसेसरांचं २०२४ साली काय झालं ते पाहा. आय९ १३९००के साठी इंटेलने जास्तीत जास्त २५३ वॅट सांगितले होते. कित्येक बोर्डांच्या बायोसमध्ये मुळातच त्या जागी ४०९६ वॅट होते, म्हणजे मर्यादाच नाही. त्यात इंटेलच्या स्वतःच्या मायक्रोकोडमध्येही खोट निघाली. प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता. माणसं खेळता खेळता बाहेर फेकली जात होती, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांनी बायोस कधी उघडलाही नव्हता. ऑगस्टमध्ये इंटेलने नवा मायक्रोकोड देऊन १.५५ व्होल्टची वेस घातली, हमी दोन वर्षांनी वाढवली, आणि हेही सांगितलं की आधीच झिजलेली चिप याने दुरुस्त होणार नाही. त्याआधी २०२३ मध्ये एएमडीच्या रायझन ७००० एक्स३डी चिपा काही बोर्डांवर जळाल्या. रॅमचं एक्स्पो प्रोफाइल चालू केलं की बोर्ड आपल्या मनाने एसओसी व्होल्टेज वर नेत होता; एएमडीने मग ते १.३ ला बांधलं.

शरण जाणं ही मोठी गोष्ट आहे, वारकऱ्यांच्या मुलखात मी ते नाकारणार नाही. पण कुणाला शरण जातोय ते माहीत हवं. डोळे मिटून ‘ऑटो’ दाबणं ही शरणागती नव्हे, ती कुणाच्या तरी जाहिरातीत फुकट राबणं आहे.

नातवाच्या मशीनचं शेवटी जे ठरलं ते शेठजींच्याच तोंडून आलं. श्रावकाच्या बारा व्रतांत पाचवं परिग्रह-परिमाण. साधूने सगळं सोडायचं, गृहस्थाने सोडायचं नाही. पण आपल्याजवळ किती असावं याचा आकडा स्वतः ठरवायचा, बोलून दाखवायचा आणि मग पाळायचा. एवढं सोनं, एवढी जमीन, एवढी घरं. आकडा गुरूही ठरवत नाही, घेणारा ठरवतो. शेठजी नातवाला म्हणाले, ‘तुला किती पाहिजे ते तू ठरव. पण एकदा ठरव.’

बायोसमध्ये त्यासाठी जागा आहे, आणि लोक ती सगळ्यात कमी वापरतात. ५८००एक्स मुळात १४२ वॅटपर्यंत जातो. इको मोडमध्ये त्याला ८८ वर बांधता येतं. खेळात फरक डोळ्याला कळत नाही, जड कामात थोडा कळतो, आणि तापमान चांगलंच उतरतं. वर कर्व्ह ऑप्टिमायझरने प्रत्येक कोरचं व्होल्टेज थोडं खाली सरकवलं तर त्याच विजेत थोडा जास्त वेग निघतो. चिपची स्वतःची ताकद शोधायचं काम इथेही करावं लागतं, तितक्याच चिकाटीने. फक्त दिशा उलटी. रॅमचं मात्र मी एक्सएमपी, म्हणजे तिच्या छापील वेगाचं प्रोफाइल, चालू केलं. पैसे बत्तीसशेचे मोजायचे आणि ती एकवीसशे किंवा चोवीसशेवर चालू ठेवायची, असं मी निम्म्या गिऱ्हाइकांकडे पाहतो. तो संयम नव्हे, ते अज्ञान आहे. गंमत अशी की कंपन्यांच्या नियमाने एक्सएमपीही ओव्हरक्लॉकिंगमध्येच मोडतं. चालू केल्यावर रात्रभर मेमटेस्ट८६ लावला. एकही चूक नाही, तेव्हाच मशीन दिलं.

ज्यांना याहून पुढे जायचं आहे त्यांना मी अडवत नाही. व्होल्टेज ‘ऑटो’वर न सोडता आकडा स्वतः लिहा. लोड-लाइन कॅलिब्रेशन शेवटच्या पायरीवर टाकू नका. बायोस अपडेट करताना यूपीएस लावा. आमच्याकडे डीपी जळायला मुहूर्त लागत नाही. हिशेबाचं, दवाखान्याचं, कुणाच्या सातबाराचं काम ज्या मशीनवर चालतं त्याला हात लावू नका. आणि ओव्हरक्लॉक पक्कं झालं असं म्हणण्याआधी ते मे महिन्यात, दुपारी दोन ते चार, खिडकीतला कूलर बंद ठेवून तपासा. डिसेंबरात पास झालेल्या मशीनचं प्रमाणपत्र माझ्या दुकानात मिळत नाही.